वोर्शाच्या हातचा ट्वारोग

पूर्व जर्मनीतल्या कॉटबुसच्या बाजारात किटो कोसिक वर्षानुवर्षे एकच भाषण करत आला होता, आणि त्याची बायको वोर्शा ते ऐकताना दर वेळी दात आवळत आली होती. गिऱ्हाईक नुसते म्हणाले, "अर्धा किलो क्वार्क द्या," की याचा लाकडी चमचा हवेत थांबलाच.

"क्वार्क म्हणता ना बाई, तो शब्द आमचा. ट्वारोग. आमच्या वेंडी भाषेतला, तुमच्या आधीपासून इथं राहणाऱ्यांच्या. तुमचे जर्मन पूर्वज इकडं आले तेव्हा त्यांच्याकडं लोणी होतं, चीज होतं, हे नव्हतं. आमच्या कुणा आजीनं वाडगं भरून पुढं ठेवलं असेल. खाल्लं, आवडलं, जाताना नावही उचललं. पण तुमच्या जिभेला ट्व काही जमेना, तिथं तुम्ही क्व केलंत, शेपूट गिळलंत, राहिला क्वार्क."

एकदा बर्लिनहून आलेली एक जाड चष्म्याची बाई म्हणाली, "मग घ्या की तुमचा शब्द परत. आमच्याकडं याला पांढरं चीजच म्हणतात. अर्धा किलो पांढरं चीज द्या, आणि जरा लवकर, माझी गाडी आहे."

रांग हसली. किटोही हसला. वोर्शा हसली नाही. ऊन चढत होते, पातेल्यावरचे ओले फडके सुकत चालले होते, आणि या माणसाला इतिहास सुचत होता.

ही माहिती त्याला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात म्हाताऱ्या पाद्र्याने दिली होती. तेवढी एक गोष्ट त्याने त्या वर्गातून घरी आणली, बाकीचे तिथेच ठेवले. आणि खरे सांगायचे तर या भाषण देणाऱ्याने जन्मात कधी ट्वारोग केला नव्हता. करायची ती वोर्शा. संध्याकाळचे दूध मातीच्या पसरट भांड्यांत घालून चुलीच्या मागच्या फळीवर ठेवायचे. त्याला विरजण लागत नाही, हात लागत नाही. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी ते आपणहून घट्ट बसते, सुरी घातली तर कापले जाते. मग अगदी मंद आचेवर, बोट बुडवून सोसेल इतकेच गरम करायचे. फडक्यात बांधून टांगायचे. खाली निवळ ठिबकते ती डुकराला, वर राहतो तो ट्वारोग. आपल्या चक्क्याचा भाऊ म्हणा, पण रवाळ, हाताने चुरता येणारा. उकडलेले बटाटे, त्यावर हा, आणि वरून जवसाचे तेल. त्यांच्या यासेंक गावात आठवड्यातले चार दिवस हेच जेवण असे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

किटोची होती. त्याला रोज काहीतरी खटकायचे. आज आंबट झाला. आज फडके लवकर सोडलेस. आज गाय कुठे चरली होती, कांद्याचा वास येतोय.

"मग उद्यापासून तू कर," वोर्शा म्हणायची.

"मी केला तर नावं कोण ठेवणार?"

असा संसार. प्रेमात वगैरे पडून झालेले लग्न नव्हते ते. युद्धातून जिवंत परत आलेल्या मोजक्या पोरांत तो एक होता, त्याचे दोन्ही हात शाबूत होते, आणि तिच्या बापाकडे गाय होती. एक मुलगी झाली. तिचे नाव गुडरून ठेवले, चांगले भरभक्कम जर्मन नाव. आणि किटोने फर्मान काढले की पोरीशी घरात जर्मनच बोलायचे. शाळेत वेंडी पोरांना चिडवतात, मागच्या बाकावर बसवतात, त्यांना नोकऱ्या मिळत नाहीत. बाजारात शब्दाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात त्याच भाषेला पोरीपुरते कुलूप घातले. नवराबायको आपसात वेंडी बोलत, पोर दारात आली की गप्प होत किंवा जर्मनवर येत. गुडरूनला वेंडी भाषेतल्या चार शिव्या आणि ट्वारोग, एवढेच येत असे. वोर्शाने तेव्हा विरोध केला नाही. तिलाही ते शहाणपणाचेच वाटले होते. सगळ्या गावाने तेच केले.

मग जमिनीखालच्या कोळशाचा नंबर लागला. शेजारची गावे खाणीसाठी आधीच उठवली होती. वारा तिकडून आला की खाणीतल्या यंत्रांची घरघर गोठ्यापर्यंत ऐकू येई आणि वाळत घातलेल्या चादरी करड्या होत. यासेंकचीही पाळी आली तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीतला एक साहेब गावच्या खानावळीत सभा घ्यायला आला. नवी घरे मिळतील, त्यांत गरम पाणी येईल, भिंतीतून ऊब येईल, लाकडे फोडायला नकोत. किटो उभा राहिला. गाईंचे काय, विहिरीचे काय, दफनभूमीत आईबाप आहेत त्यांचे काय, असे त्याने विचारले. आणि सवयीप्रमाणे लांबण लावली.

साहेब कागद चाळत म्हणाला, "हा सगळा क्वार्क आहे, कोसिक. मुद्द्याचं बोला."

फालतू बडबडीला तिकडे क्वार्कच म्हणतात, त्यात साहेबाने नवीन काही केले नव्हते. मागच्या बाकांवरचे हसले.

किटो म्हणाला, "एकच शब्द दिला आम्ही तुम्हाला. त्याचा तुम्ही केर केलात. आता गाव घेताय."

साहेबाने घड्याळ बघितले. गाव उठायचे ते उठणारच होते. पुढच्या उन्हाळ्याअखेर, असे ठरले.

त्याच हिवाळ्यात किटो गोठ्यात पडला. उजवी बाजू गेली. इस्पितळात डॉक्टरने खाटेवर वाकून त्याला नाव विचारले, साल विचारले. किटोने तोंडाच्या डाव्या बाजूने बरेच काही सांगितले. डॉक्टर सरळ झाला आणि गुडरूनला म्हणाला, "वाचा गेलीय. नुसते आवाज निघताहेत."

"गेली नाही," वोर्शा मागून म्हणाली. "तो म्हणतोय, पायांना गार लागतंय, पांघरूण ओढा, आणि हा चष्मेवाला कोण."

गेली होती ती जर्मन. बाजारातली, सैन्यातली, कचेरीतली, पोरीला अंगाखांद्यावर खेळवतानाची, सगळी. जणू कुणी घरातली एक खोलीच काढून नेली होती. कानावर पडली तरी कळत नसे; तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राही आणि मग वोर्शाकडे वळून म्हणे, "काय म्हणतोय गं हा?" डॉक्टर म्हणाला, कधीकधी असे होते, परत येईलही, न येईलही.

उन्हाळ्याअखेर जायचे ते नवे घर पाचव्या मजल्यावर मिळाले. लिफ्ट नव्हती. तळमजल्यावरची घरे कुणाला मिळाली ते विचारू नये. पाय नसल्यात जमा झालेल्या गड्याला पाच जिने चढवणार कोण आणि उतरवणार कोण? वोर्शाने दोन कचेऱ्या पालथ्या घातल्या, दोन्हीकडे लोक सभ्यपणे बोलले. शेवटी शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम होता, तिथे किटोला खाट मिळाली, आणि सगळे तिला म्हणाले की नशीबवान आहेस, लोकांना वर्षानुवर्षे मिळत नाही.

वोर्शा दिवसाआड बसने जायची. तिच्या पायघोळ वेंडी घाघऱ्याकडे आणि डोक्यावरच्या मोठ्या रुमालाकडे बसमधली पोरे बघत, ती त्यांच्याकडे बघत नसे. मांडीवर मातीचे वाडगे, वर फडके. तिला एकच घोर होता. मी असते तेव्हा ठीक आहे. मी नसते तेव्हा हा कुणाशी बोलतो? त्याचे दुखलेखुपले कुणाला कळते?

कुणालाच कळत नव्हते. एका गुरुवारी ती खाटेपाशी बसली नाही तोच तो म्हणाला, "टाच बघ."

तिने पांघरूण उचलले. टाच पडून पडून काळी पडली होती, चादरीला चिकटली होती.

"कधीपासून?"

"सांगतोय की."

"सांगतोयस कुणाला?"

"सगळ्यांना. त्या गोऱ्या बाईला तर किती वेळा. मान हलवते आणि खिडकी उघडते."

गोरी बाई म्हणजे सिस्टर रोझविटा. बाई वाईट नव्हती. टाच बघून तिचा चेहरा उतरला, तिने लगेच धुतली, पट्टी बांधली. म्हणाली, "ते ओरडत होते खरे. आम्हाला वाटलं, तुमची आठवण येतेय."

"सिस्टर, तुम्ही तीन शब्द शिका," वोर्शाने हात धरला तिचा. "दुखतंय, तहान लागलीय, लघवी. तीनच. मी सांगते कसे म्हणायचे."

रोझविटाने हात सोडवून घेतला नाही, पण खाली बसलीही नाही. "कोसिकबाई, या मजल्यावर आम्ही दोघी आहोत. सगळ्यांना धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची. मी शिकेन हो. रात्रपाळीची शिकेल का? ती दर महिन्याला नवी येते. त्यापेक्षा तुम्ही त्यांनाच शिकवा ना. थोडं जर्मन आलं की आमचं सगळ्यांचंच सोपं होईल."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणून वोर्शा नवऱ्याला जर्मन शिकवू लागली. पेला पुढे धरून पाण्याचा शब्द म्हणायची. त्याने तोंड वाकडे केले.

"काय कुत्र्यासारखी भुंकतेस?"

"तहान लागली तर असं म्हणायचं. म्हण."

"मला तहान नाही."

"लागेल तेव्हा म्हण."

"लागेल तेव्हा तुला सांगेन."

"मी नसेन तेव्हा रे."

"कुठं जाणार आहेस तू?"

तिने दुसरीकडून सुरुवात केली. चमच्यात थोडा ट्वारोग घेऊन त्याच्या नाकासमोर धरला. "बरं, क्वार्क म्हण. हा तर तुझाच शब्द आहे. आयुष्यभर लोकांना पिडलंस त्यावरून."

"ट्वारोग."

"क्वार्क."

"ट्वारोग. तुझं तोंड बिघडलंय का? डॉक्टरला दाखव." आणि चमचा खाऊन झाल्यावर म्हणाला, "फडकं नीट पिळलं नाहीस."

आश्रमातल्या अन्नाला तो शिवत नसे. तिने आणलेले तेवढे खाई, आणि नावे ठेवी. नावे ठेवली की वोर्शाला बसमध्ये जरा डोळा लागे.

गुडरूनही रविवारी येई. ती बालवाडीत शिकवत होती, चार पोरांचे भांडण एका नजरेने थांबवणारी बाई. बापाच्या खाटेपाशी मात्र पर्स मांडीवर घेऊन परक्यासारखी बसे. एकदा बाहेरच्या बाकावर येऊन ती आईला म्हणाली, "तासभर बोलत होते माझा हात धरून. मी नुसती मान हलवली. काय म्हणत होते?"

"असंच. गाईचं."

गाईचे नव्हते. बटाटे काढायच्या आत मला घरी ने, तू तरी ने, तुझी आई ऐकत नाही, असे तो म्हणत होता.

"तुम्ही दोघांनी मला शिकवायला हवं होतं, आई."

"हवं होतं."

"मग का नाही?"

"तू शाळेत पहिली यावीस म्हणून. आलीस की."

गुडरूनने पर्स उघडली, रुमाल शोधला, सापडला नाही. वोर्शाने आपल्या डोक्यावरच्या रुमालाचे टोक पुढे केले. "शिकतेस का आता? दुखतंय म्हणजे बोली."

"बोली," गुडरून म्हणाली. दोनतीनदा म्हणाली. पुढच्या रविवारी आत जाऊन तिने बापाला विचारलेही, "बोली?" किटो खूश झाला आणि त्याने उत्तर म्हणून इतके काही सांगितले की ती पुन्हा पर्स धरून बसली.

ऑगस्टच्या शेवटी यासेंक उठले. गाय सरकारी सामुदायिक शेतीला द्यायची होती; ती त्यांच्या ट्रकमध्ये चढायला तयार नव्हती. वोर्शा पुढे झाली, तिच्या मानेवर हात ठेवला, तशी मुकाट चढली. त्याचे वोर्शाला फार लागले, पण ते कुणाला सांगण्यासारखे नव्हते. नव्या घरात खरोखरच नळाला गरम पाणी होते. तिने चुलीमागची फळी सोबत आणली होती, ती गरम पाण्याच्या नळ्यांवर बसवली, त्यावर मातीची भांडी मांडली. दुकानातून दुधाच्या पिशव्या आणल्या, कापल्या, ओतल्या, आणि आयुष्यभर बसली तशी वाट बघत बसली.

दूध बसले नाही. दुसऱ्या दिवशी तसेच पातळ, तिसऱ्या दिवशी वर पिवळट पापुद्रा आणि खाली पाणी, आणि वास असा की शेजारची ब्रिगिटे दार ठोठावून म्हणाली, "अहो, काही मेलंय का तुमच्याकडं?"

वोर्शाने भांडी दाखवली. तिला वाटले होते, फळी तिरकी लागली असेल, नाही तर ऊब कमी पडली. ब्रिगिटे शहरात वाढलेली, दुग्धालयात कामाला होती. तिने नाक धरून सांगितले, "हे दूध तापवून मारलेलं असतं. याच्यात जिवंत काही नसतंच. हे आंबत नाही हो, हे कुजतं."

वोर्शाने तरी दुसऱ्या दुकानाचे आणून पाहिले. ते कुजले. सामुदायिक शेतीच्या फाटकावर जाऊन बसली. तिथे बाहेरच्याला थेंब विकायची परवानगी नव्हती. पलीकडच्या गावात तिची एक मावसबहीण होती, अजून गाय बाळगून होती. दोन बस बदलून दुधाची किटली आणली; उन्हात, हिंदकळत, घरी येईस्तो त्याचे लोण्याचे गोळे झालेले. पुढच्या वेळी मावसबहीण म्हणाली, "वोर्शा, सगळं दूध सरकारला मोजून द्यावं लागतं गं. नको मला अडचणीत आणू." तिचेही खरे होते. सगळ्यांचेच खरे होते, हीच पंचाईत.

त्या दिवसांत वोर्शा आश्रमात रिकाम्या हाताने जाई. किटो वाडग्यासाठी तिच्या मांडीकडे बघे, मग भिंतीकडे तोंड करी. एकदा विचारले त्याने, "गाय आटली?"

"आटली," ती म्हणाली.

मग त्याने विचारले नाही. बोलणेही कमी झाले. रोझविटाने तिला दाराशी गाठले. "पेज तोंडात घालते, तशीच बाहेर येते. वजन बघा ना. डॉक्टर म्हणताहेत, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांनी ती काढून टाकू नये म्हणून मग हात बांधावे लागतात. तुम्ही काहीतरी करा, कोसिकबाई. तुमचंच खातात ते."

वोर्शा तिथून थेट दुकानात गेली. बर्फाच्या कपाटात ओळीने पाकिटे होती, पांढऱ्या कागदावर निळ्या अक्षरांत तोच शब्द. तिने आयुष्यात हे विकत घेतले नव्हते. पुढची बाई दोन उचलून गेली, मागची म्हणाली, "घेताय का?" तेव्हा वोर्शाने घेतले.

घरी येऊन तिने ते उघडले. लापशीसारखे गुळगुळीत, दाताखाली काही न येणारे. फडक्यात बांधून रात्रभर टांगले, तरी रवा धरेना. काट्याने खरवडून रवाळ दिसेल असे केले, मीठ लावले, कांदा चिरून घातला, जवसाचे तेल जरा जास्तच ओतले. आपल्या मातीच्या वाडग्यात भरले. बसमध्ये तिने उत्तरे तयार केली. नवी गाय आहे. पहिलारू आहे. चारा बदललाय. तो काय म्हणेल ते तिला पाठ होते: हे काय भिंतीला लावायचं आणलंस? आणि तिला भीती होती ती याचीच, की एक चमचा घेईल, थुंकेल, आणि मग नळी.

खिडकीशी त्याला उशांना टेकवून बसवले होते. दाढी केलेली, केस ओले करून एका बाजूला वळवलेले. ती खाटेच्या कडेला बसली, वेंडीत म्हणाली, "बघ काय आणलंय." त्याने वाडग्याकडे पाहिले. तिने चमचा भरला, बटाट्याचा तुकडा त्यावर ठेवला, तोंडाशी नेला.

त्याने खाल्ले.

ती थांबली. त्याने पुन्हा तोंड उघडले. दुसरा चमचा, तिसरा. मध्ये थांबून तेल ओठांवरून पुसून घेतले, डाव्या हाताने, व्यवस्थित. तयार केलेले एकही उत्तर लागले नाही. वाडगे संपत आले तरी तो काही बोलेना. शेवटी तिच्याच्याने राहवेना. "आंबट नाही लागला?" तिने विचारले. "गुळगुळीत आहे ना? सांग की."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, इतके महिने सिस्टरांच्या तोंडाकडे बघायचा तसाच. मग मान लववून, अगदी सभ्यपणे, जर्मनमध्ये म्हणाला, "आभारी आहे, सिस्टर. छान होतं."

रोझविटा पलीकडच्या खाटेवर चादर बदलत होती. ती गर्रकन वळली. "ऐकलंत का, कोसिकबाई? परवापासून एकेक शब्द येतोयसं वाटत होतं. काल पाणी मागितलं, मी म्हटलं भास झाला असेल. आणि सगळं वाडगं संपवलं? आता नळीचं नाव नको. आता आपलं छान जमेल." तिला खराच आनंद झाला होता. तिने येऊन किटोची उशी थोपटली.

वोर्शाने वेंडीत हळूच म्हटले, "किटो, मी आहे. वोर्शा."

त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने मदतीसाठी रोझविटाकडे पाहिले. ही बाई काय म्हणते ते कळत नाही, असे. रोझविटाचे हसू जागीच थांबले, आणि चादरीचा बोळा घेऊन ती खोलीबाहेर गेली.

खाली आवारात कुणीतरी पाने झाडत होते. वोर्शाने वाडग्याच्या कडांना लागलेले चमच्याने निपटून काढले, त्याला भरवले. तेही त्याने खाल्ले.

"सिस्टर," तो जर्मनमध्ये म्हणाला, "आपण उद्या पण येणार का?"

तिने त्याची हनुवटी पुसली. बस दिवसाआडची होती तिची, उद्याची नव्हे.

"येईन," ती जर्मनमध्ये म्हणाली.